सीईटीला उरला एक आठवडा: कोकणातल्या मुलांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएचटी-सीईटी ही इंजिनिअरिंग, फार्मसी आणि शेतीच्या पदव्यांच्या प्रवेशासाठीची राज्याची परीक्षा. तिच्या आधीच्या आठवड्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि दक्षिण रायगडातल्या मुलांकडून, त्यांच्या आईवडिलांकडून दर वर्षी तेच प्रश्न येतात. अभ्यासाचे येतातच, पण गाडीचे, राहायचे, लाईटचे आणि आंब्याचेही तितकेच येतात. मोठ्या शहरातल्या क्लासच्या सूचनापत्रकात या दुसऱ्या प्रश्नांना जागा नसते, म्हणून इथे दोन्ही एकत्र घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. या आठवड्यात नवीन शिकून मार्क फारसे वाढत नाहीत. जे येतंय ते नव्वद मिनिटांत हातून उतरायला हवं, आणि त्यासाठी मूल सेंटरवर झोप झालेलं, जेवलेलं आणि धावपळ न करता पोहोचायला हवं. खालची सगळी उत्तरं याच दोन गोष्टींभोवती आहेत.

अकरावीचे चार-पाच धडे अजून राहिलेत. सात दिवसांत होतील का?

सगळे होणार नाहीत, आणि ते करायला जाऊही नकोस. पेपरमध्ये साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो. तोही अख्ख्या अकरावीवर नाही, निवडक धड्यांवर. त्या धड्यांची यादी परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या वेबसाइटवर आहे. आधी ती समोर ठेव आणि तुझे राहिलेले धडे त्यात आहेत का ते बघ. असतील तर त्यातले दोनच घे, जिथे सूत्र लहान आणि प्रश्न सरळ असतात असे. गणितातलं ‘मेझर्स ऑफ डिस्पर्शन’ अर्ध्या दिवसात होतं. फिजिक्समधलं ‘एरर अॅनालिसिस’ तसंच. केमिस्ट्रीत मोल कन्सेप्ट आणि ऑक्सिडेशन नंबर काढणं, एवढं पक्कं असलं तरी बरंच झालं. बाकीचे धडे सोडले याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्या वेळात बारावीचे धडे पुन्हा नजरेखालून गेले तर त्यातून कितीतरी जास्त मिळतं.

बोर्डाचे पेपर छान गेलेत. सीईटी सोपी जाईल ना?

कोकण विभागीय मंडळ २०१२ पासून बारावीच्या निकालात दर वर्षी राज्यात पहिलं येतं. आपली मुलं नेटाने अभ्यास करतात, वही नीट ठेवतात, पायऱ्या सुबक लिहितात. त्याचा अभिमान मला आहेच. पण सीईटीत पायऱ्यांना मार्क नाहीत. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) ग्रुपला पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्सचे ५० आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, त्यालाही ९० मिनिटं. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणितात १०८ सेकंद. बोर्डात पूर्ण उदाहरण सोडवून तीन मार्क मिळवणारी मुलगी इथे चौथ्याच प्रश्नावर पाच मिनिटं घालवून बसते. तिला विषय येत नाही असं अजिबात नसतं, प्रश्न सोडून पुढे जायची सवय नसते. ही सवय आठवडाभरात लागते.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीत ग्रुपच्या विषयांत ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४० टक्के) मिळाले की पात्रता होते. पुढचा नंबर सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे इतर मुलांच्या तुलनेत तू कुठे आहेस त्यावर, लागतो. त्यामुळे बोर्डाच्या निकालाची काळजी आत्ता करून काहीच साधत नाही.

मग रोज किती मॉक टेस्ट (सराव परीक्षा) द्यायच्या?

एक. तीही तुझ्या हॉलतिकिटावर जी वेळ आहे त्याच वेळेला. सकाळचा पेपर असेल तर सकाळी, दुपारचा असेल तर भर दुपारी उकाड्यात. दुपारी जेवून झोपायची सवय असलेल्या मुलाचा मेंदू दोन वाजता चालत नाही, त्याला पाच-सहा दिवस आधी जागं राहायला शिकवावं लागतं.

टेस्ट देण्यापेक्षा ती तपासायला जास्त वेळ दे. चुकलेले प्रश्न तीन ठिकाणी लिही: येत होतं तरी चुकलं, येत होतं पण वेळ पुरला नाही, आणि येतच नव्हतं. या आठवड्यात फक्त पहिल्या दोन गटांवर काम कर. तिसरा गट मोठा दिसला तरी तिकडे वळू नकोस. पहिल्या गटात काय सापडतं ते बघ: ‘खालीलपैकी कोणतं विधान चूक आहे’ यातला ‘चूक’ वाचलाच नाही, सेंटीमीटरचे मीटर केले नाहीत, व्यास दिला होता तो त्रिज्या समजून घेतला. हे मार्क आपलेच असतात, फक्त उचलायचे राहिलेले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी टेस्ट नको. कमी मार्क पडले तर रात्र जाते.

पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स आधी की केमिस्ट्री?

केमिस्ट्री. थिअरीचे प्रश्न वाचता वाचता सुटतात. पस्तीस मिनिटांत केमिस्ट्री आटोपली तर फिजिक्सच्या गणितांना पंचावन्न मिनिटं उरतात. ज्यांचं फिजिक्स खरोखर चांगलं आहे त्यांनी उलटं करायला हरकत नाही, पण ते मॉकमध्ये करून पाहिलेलं असावं. परीक्षेच्या दिवशी क्रम बदलायचा नाही. एक गोष्ट ध्यानात ठेव: ९० मिनिटं झाली की तो भाग आपोआप बंद होतो आणि गणित उघडतं. गणित लवकर संपवून फिजिक्सकडे परत येता येत नाही.

गणितात वेळच पुरत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि गणितालाच १०० मार्क आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बोर्डाच्या पेपरात उत्तर शोधायचं असतं. इथे उत्तर समोरच्या चारांत आहे, ते ओळखायचं असतं. इंटिग्रेशनचा लांबलचक प्रश्न आला आणि पद्धत सुचत नसेल, तर पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून बघ. ते बहुतेक वेळा सोपं असतं. डिफरन्शिअल इक्वेशनचं तसंच, पर्याय समीकरणात घालून बघ. सर्कलवर कोणते बिंदू आहेत ते दिलं असेल तर ते बिंदू चारही समीकरणांत टाक, तीन समीकरणं तिथेच गळतात. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये कोपऱ्याच्या बिंदूंच्या किमती काढल्या की झालं. ट्रिगॉनॉमेट्रीची आयडेंटिटी असेल तर कोनाची एखादी किंमत घालून बघ, पण शून्य किंवा पंचेचाळीस अंश घेऊ नकोस, कारण तिथे दोन-दोन पर्याय बरोबर दिसतात. तीस घे.

काही आकार डोळ्यांत बसलेले असले पाहिजेत. ई-रेज-टू-एक्स गुणिले कंसात फंक्शन अधिक त्याच फंक्शनचं डेरिव्हेटिव्ह दिसलं, की उत्तर ई-रेज-टू-एक्स गुणिले ते फंक्शन. कंसात ‘एक भागिले एक्स वजा एक भागिले एक्स-स्क्वेअर’ असेल तर पेन न उचलता उत्तर लिहिता येतं, कारण दुसरं पद पहिल्याचं डेरिव्हेटिव्हच आहे. शून्यापासून पाय बाय टू पर्यंत साइन भागिले साइन अधिक कॉस, याचं उत्तर पाय बाय फोर. वर साइनच्या जागी कॉस असला, किंवा सगळीकडे वर्गमूळ असलं, तरी तेच. ‘पी इम्प्लाइज क्यू’चं निगेशन ‘पी अँड नॉट क्यू’. बायनॉमियलमध्ये व्हेरिअन्स मीनपेक्षा मोठा येऊच शकत नाही, त्यामुळे तसा पर्याय वाचताक्षणी खोडायचा. अशा पंधरा-वीस गोष्टी एका कागदावर स्वतःच्या हाताने लिही. दुसऱ्याने काढलेल्या छापील नोट्स वाचून त्या डोक्यात राहत नाहीत.

पन्नास प्रश्नांचे तीन फेरे कर. पहिल्या फेरीत वाचताच रस्ता दिसला तेवढेच सोडव. दुसऱ्या फेरीत लांब पण माहितीचे. तिसऱ्या फेरीत उरलेल्यांना पर्याय घालून बघ. सुरुवातीलाच अवघड प्रश्न आला म्हणून पेपर अवघड आहे असं समजू नकोस, प्रश्नांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे नसतो.

केमिस्ट्रीचं पाठांतर राहत नाही.

बालभारतीचं पुस्तक उघड, गाईड बाजूला ठेव. पुस्तकातल्या चौकटी, तक्ते आणि ‘कॅन यू टेल’सारखे छोटे भाग यांवर प्रश्न येतात, आणि मुलं नेमकी तीच पानं उलटून टाकतात. पॉलिमर, बायोमॉलेक्यूल्स आणि ग्रीन केमिस्ट्री हे शेवटचे धडे बोर्डाच्या घाईत वरवर होतात, इथे ते निवांत वाच. सॉलिड स्टेटमध्ये सिंपल क्युबिकला १ कण आणि ५२.४ टक्के पॅकिंग, बीसीसीला २ आणि ६८, एफसीसीला ४ आणि ७४, हा तक्ता रोज सकाळी न बघता लिही. ऑर्गॅनिकच्या नावाच्या रिअॅक्शन्स (सँडमायर, वुर्ट्झ-फिटिग, स्टीफन, रोझेनमुंड, कॅनिझारो, हॉफमन) कागदाच्या एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला काय घेतलं, काय मिळालं असं लिहून घरातल्या कुणाला तरी विचारायला लाव. आजीनेही नाव वाचून दाखवलं तरी चालतं. उत्तर बरोबर की चूक ते तुला तुझं कळतं.

बायोलॉजीला काय वेगळं?

पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) ग्रुपला गणिताच्या जागी बायोलॉजीचे १०० प्रश्न, ५० बॉटनीचे, ५० झूलॉजीचे, ९० मिनिटं, १०० मार्क. पुस्तकातली आकृती आणि तिच्यावरची नावं बघ. नीटची तयारी केली असेल तर वेगळं काही करू नकोस, फक्त राज्य मंडळाच्या पुस्तकात वेगळ्या शब्दांत दिलेल्या व्याख्या एकदा वाचून काढ.

येत नसलेला प्रश्न सोडून द्यावा का?

नाही! निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. वीस प्रश्न आंधळेपणाने टिक केले तरी सरासरी पाच बरोबर येतात, आणि एखादा पर्याय आधीच खोडता आला तर त्याहून जास्त. शेवटची चार मिनिटं यासाठीच राखून ठेव. नीट आणि जेईईची तयारी केलेली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण तिथे चुकलं की मार्क कापतात, त्यामुळे न येणारा प्रश्न सोडून द्यायची त्यांच्या हाताला सवय झालेली असते.

लॉग टेबल मिळतं का?

नाही, कॅल्क्युलेटरही नाही. लॉग २ म्हणजे ०.३०१, लॉग ३ म्हणजे ०.४७७, हाफ लाइफला ०.६९३, आणि २.३०३, ८.३१४ या संख्या पाठ असू देत. पायचा वर्ग दहा धरला तर फिजिक्सची निम्मी आकडेमोड हलकी होते. बोर्डासाठी लॉग टेबलवर विसंबलेल्यांनी या आठवड्यात रोज थोडे गुणाकार-भागाकार हातानेच करावेत.

घरी कॉम्प्युटर नाही. मी मोबाईलवरच टेस्ट देते. अडचण येईल का?

थोडी येते, पण दोन-तीन तासांत जाते. माऊस धरून पर्याय निवडणं, ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ दाबणं, बाजूच्या चौकटीतून प्रश्नावर उडी मारणं, एवढंच करायचं असतं. कॉलेजची लॅब सुट्टीत बंद असेल तर सरांना फोन करून उघडून मागा, बहुतेक सर हो म्हणतात. नाहीतर गावातलं सेवा केंद्र किंवा तालुक्याचं सायबर कॅफे गाठ. तिथे सीईटी सेलच्या साइटवरची मॉक टेस्टच उघड, म्हणजे परीक्षेत दिसणारा पडदा आधी पाहिलेला असेल. ती दे कच्च्या कागदासह. पडद्यावरचा प्रश्न वाचून खाली मान घालून कागदावर सोडवायचं आणि परत वर बघायचं, याने पहिल्यांदा मान आणि डोळे दोन्ही दुखतात. आकडा उतरवताना चुकतोही. हेच सवयीचं करायचं आहे.

पेपर मराठीतून असतो का?

फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी मराठीत, इंग्रजीत आणि उर्दूत असतात. गणित फक्त इंग्रजीत. अर्ज भरताना जी भाषा निवडली तीच राहते, म्हणून हॉलतिकीट आलं की ती बघून घे आणि त्याच भाषेत सराव कर.

आंब्याचा सीझन ऐन भरात आहे. मुलगा घरात असून बागेत येत नाही म्हटलं की गडी नाराज होतात. थोडं काम केलं तर काय बिघडतं?

तुमची अडचण मला समजते. वर्षाची कमाई या पाच-सहा आठवड्यांत होते. माणसं मिळत नाहीत, वाशीच्या बाजाराला जाणारा ट्रक थांबत नाही आणि पिकलेला आंबाही थांबत नाही. तरीही सांगते, हा एक आठवडा मुलाला द्या. पहाटे झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) घेऊन बागेत गेला की तो दहाला परत येतो, तेव्हा अंग आंबलेलं असतं, वाचायला बसला की झोप लागते. रात्री पेट्या भरायला बसला की बारा वाजतात. आणि झाडावर तर अजिबात चढू देऊ नका. पाय सरकला, हात मुरगळला, तर वर्षभराची मेहनत गेली.

संध्याकाळी अर्धा तास तो आंबे निवडायला बसला, तुमच्याशी बोलला, तर ते चांगलंच. एकटं कोंडून ठेवलेलं मूल जास्त घाबरतं. गड्यांना तुम्हीच सांगा, परीक्षा झाली की येतो म्हणून. आपल्या गावात पोराच्या परीक्षेसाठी कुणी अडून बसत नाही.

मुंबईची मंडळी सुट्टीला आली आहेत. घरात बारा माणसं आणि लहान पोरं. अभ्यास कुठे करू?

आपल्याकडे प्रत्येक वाडीत दोन-चार घरं कुलूपबंद असतात. ज्यांची मंडळी यंदा आली नाहीत त्यांना फोन करून किल्ली मागा, ते आनंदाने देतात. नाहीतर शाळेची खोली, देवळाचा सभामंडप, तालुक्याचं वाचनालय. जागा मिळाली की सगळ्यांना एकदाच स्पष्ट सांगून ठेवायचं: सकाळी मी नसतो, संध्याकाळी आहे. आणि मुंबईच्या काकांनी ‘अमक्याच्या मुलाला नव्व्याण्णव पर्सेंटाइल आले’ ही गोष्ट परीक्षेनंतर सांगावी, ही विनंती आईने करावी. काका आईचं ऐकतात.

गावात रेंज नाही. हॉलतिकीट कसं काढू?

आजच काढ. सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जाऊन रेंज पकडून पीडीएफ उतरवलीस तरी तिथेच थांबू नकोस. तालुक्याला जाऊन झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती छापून आण, एक पिशवीत आणि एक बाबांकडे. फोटो आणि सही स्पष्ट दिसते का बघ. नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून बघ, फरक असेल तर सीईटी सेलच्या हेल्पलाइनला या आठवड्यातच फोन कर. मूळ ओळखपत्र लागतं, मोबाईलमधला फोटो चालत नाही. वळवाच्या पावसाने लाईट गेली की दुकानातला प्रिंटरही बंद, म्हणून ‘उद्या काढू’ म्हणायचं नाही.

सेंटर लांब आलंय. त्याच दिवशी पहाटे निघालं तर पोहोचू का?

घरापासून दोन तासांपेक्षा लांब असेल तर आदल्या दिवशीच जा. मी यावर फार आग्रही आहे, कारण आपल्याकडे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही.

रात्री गावात मुक्कामाला असलेली वस्तीची एसटी पहाटे सुटते खरी, पण तीच एक असते. ती बंद पडली तर पुढची येईपर्यंत पेपर सुरू झालेला असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं काम वर्षानुवर्षं चालू आहे, चिपळूण ते लांजा पट्ट्यात कधी किती वेळ जाईल ते ड्रायव्हरही सांगू शकत नाही. कोकण रेल्वेचा बराचसा मार्ग एकेरी आहे. सुट्टीत जादा गाड्या सोडल्या की साधी गाडी क्रॉसिंगला तासभर उभी राहते, आणि रिझर्व्हेशन तर केव्हाच संपलेलं असतं. स्टेशनही गावात नसतं. रत्नागिरीला उतरलं की शहरात जायला पुन्हा रिक्षा किंवा एसटी लागते.

खाडीपलीकडून येणाऱ्यांनी फेरीबोटीचं आधी विचारून घ्यावं. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी या फेऱ्यांमुळे तासांचा वळसा वाचतो, गुहागरच्या मुलाला जयगडमार्गे रत्नागिरी जवळ पडते. पण पहिली बोट किती वाजता सुटते आणि सुट्टीतल्या पर्यटकांच्या गाड्यांची रांग किती असते, हे जेटीवर फोन करून विचारा. ओहोटीला कधी कधी बोट उशिरा लागते, तेही त्यांनाच माहीत असतं.

आणखी एक. हॉलतिकिटावर ‘रत्नागिरी’ किंवा ‘सावंतवाडी’ एवढंच वाचून बसू नका, पूर्ण पत्ता वाचा. अशी सेंटरं बऱ्याचदा इंजिनिअरिंग कॉलेजात असतात आणि ती कॉलेजं गावाबाहेर असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी एकदा गेटपर्यंत जाऊन या. रिक्षावाल्याचा नंबर घेऊन सकाळची वेळ ठरवा. हॉलतिकिटावर रिपोर्टिंगची वेळ दिलेली असते, तिच्याही अर्धा तास आधी गेटवर असावं, कारण गेट बंद झालं की कुणाचंही चालत नाही.

नातेवाइकांकडे राहावं की लॉजवर?

ज्या नातेवाइकांकडे लग्नघर नाही तिथे. या दिवसांत ते आधी विचारावं लागतं. दोन-तीन मैत्रिणींचं सेंटर एकच असेल तर एका आईने सगळ्यांना घेऊन एक खोली घ्यावी, पैसेही वाटून जातात. मात्र रात्री ‘हे आलं तर काय करशील’ असे प्रश्न एकमेकींना विचारायचे नाहीत.

त्या दिवशी काय खावं?

जे रोज खातेस तेच. सकाळी पेज किंवा मऊ भात नाहीतर भाकरी, सोबत काहीतरी साधं. आदल्या दिवशी बाजारातलं मासळीचं जेवण आणि बाहेरचा मसाला नको. आंबा एखादा चालेल, टोपली नको. दिवसभर पाणी, कोकम सरबत घे. दमट उन्हात घाम किती गेला ते कळत नाही, आणि दुपारी डोकं दुखलं की मुलं ते टेन्शन समजतात.

परीक्षेआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचंय आणि कुलदेवतेलाही जाऊन यायचं घरच्यांच्या मनात आहे.

गाऱ्हाणं जरूर घाला. निघायच्या दिवशी सकाळी देवळात जाऊन नारळ ठेवला, गुरवाने चार शब्द बोलून दिले, की मुलाला धीर येतो. पण कुलदेवता चार तासांवर असेल तर तो प्रवास परीक्षेनंतर करा, आणि पेढे घेऊनच जा.

रात्री झोप लागत नाही.

लागली नाही तरी पडून राहा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. एका रात्रीच्या कमी झोपेने पेपर बिघडत नाही. चार रात्री जागलं तर मात्र बिघडतो.

आमच्या शिफ्टचा पेपर अवघड आला तर?

तुझी तुलना तुझ्याच शिफ्टमधल्या मुलांशी होते. तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क मिळालेली किती टक्के मुलं त्या शिफ्टमध्ये आहेत, तो तुझा पर्सेंटाइल. पेपर अवघड असला तर सगळ्यांचेच मार्क कमी येतात. म्हणून ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत. आदल्या शिफ्टमधून बाहेर आलेल्यांना काय आलं ते विचारून घाबरण्यातही अर्थ नाही.

पीसीएम आणि पीसीबी दोन्ही देतेय. मधल्या दिवसांत काय करू?

दोन्हींत फिजिक्स-केमिस्ट्री तेच आहे. पहिल्या पेपरच्या संध्याकाळी काही नको, दुसऱ्या दिवशीपासून फक्त वेगळा विषय.

दाखल्यांचं काय? जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल?

हा प्रश्न पालकांनी मुलासमोर काढू नये. परीक्षेला यातलं काही लागत नाही, प्रवेशाच्या वेळी लागतं. पण तुम्ही मात्र अर्ज आत्ताच टाका. निकाल लागला की तहसील आणि दाखले देणाऱ्या सेतू केंद्रापुढे सगळ्या तालुक्याची रांग लागते, आणि त्यात पाऊस सुरू झालेला असतो.

पेपर खरंच वाईट गेला तर पुढे काय?

घरी ये, जेव, झोप. काही दिवसांनी उत्तरसूची आणि तू दिलेली उत्तरं लॉगिनमध्ये दिसतात. एखादं उत्तर चुकीचं धरलंय असं पुराव्यानिशी वाटलं तर शुल्क भरून आक्षेप घेता येतो. पुस्तकाचं पान दाखवता येत असेल तरच घे.

आणि याच मार्कांवर किती दारं उघडतात तेही बघून ठेव. लोणेरेचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आपल्या माणगावजवळच आहे. फार्मसीला दोन्ही ग्रुप चालतात. शेतीच्या पदव्यांना सीईटीचे मार्क धरतात, आणि त्यासाठीचं आपलं बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून दापोलीत आहे. तिथे हॉर्टिकल्चर आहे, फॉरेस्ट्री आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला त्यांचं मत्स्य महाविद्यालय आहे. ज्या मुलाला बाग आणि खाडी लहानपणापासून माहीत आहे त्याने ही नावं पसंतीक्रमात वर लिहिली तर मला फार आनंद होईल. प्रत्येक कॉलेजचा गेल्या वर्षीचा कटऑफ सीईटी सेलच्या साइटवर मिळतो. तो निकालाच्या आधी नको, नंतर काढून बघा.